गाडी घ्यावी, पास काढावा की खोली पाहावी?

प्रश्न : मी यंदा रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेतला आहे. विद्यापीठ घरापासून २६ किलोमीटरांवर आहे आणि वसतिगृहात जागा मिळालेली नाही. बसने जायचे तर मध्ये एकदा बस बदलावी लागते. वेळापत्रकाप्रमाणे सव्वा तास लागतो, पण दुसरी बस दर अर्ध्या तासानेच असते. रेल्वेचा प्रवास ३५ मिनिटांचा आहे. मात्र आमचे स्टेशन घरापासून ३ किलोमीटर दूर आहे आणि तिकडचे स्टेशन माझ्या विभागापासून अडीच किलोमीटर. बाबा कर्ज काढून दुचाकी घेऊन द्यायला तयार आहेत, आईचा त्याला ठाम विरोध आहे. वर्गातले तिघे एका कारने येतात आणि खर्च वाटून घेण्यासाठी मलाही बोलावत आहेत. विद्यापीठाजवळ खोली मिळू शकते, पण संध्याकाळी धाकट्या भावाचा अभ्यास मी घेते, त्यामुळे घर सोडावेसे वाटत नाही. आठवड्यातून दोन दिवस प्रात्यक्षिके सहापर्यंत चालतात, इतर तीन दिवस आम्ही चारला सुटतो. या सगळ्यांत सर्वांत स्वस्त आणि वेळ वाचवणारा मार्ग कोणता?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही सगळी माहिती नीट दिली आहे, त्यामुळे आधी निर्णय सांगतो आणि त्याची कारणे मागाहून देतो. पहिले सत्र रेल्वेने जा, स्टेशनपर्यंत सायकल वापरा आणि कारचा पर्याय अडीअडचणीपुरता राखून ठेवा. दुचाकीचा निर्णय निदान एक सत्र पुढे ढकला. खोलीचा विचार आज करू नका, परंतु तो कायमचा बादही करू नका. त्याची वेळ बहुधा दुसऱ्या वर्षी, प्रकल्पाच्या दिवसांत येईल.

तुमच्या प्रश्नात मला एक अडचण दिसते. ‘वेळ वाचवणारा’ मार्ग शोधताना आपण प्रत्येक पर्यायाचा सर्वांत चांगला दिवस डोळ्यांसमोर धरतो. बस वेळेवर आली, दुसरी लगेच मिळाली, रस्ता मोकळा होता, पाऊस नव्हता, अशा दिवशी किती वेळ लागतो ते आपण लक्षात ठेवतो आणि त्यावरच पुढचे आडाखे बांधतो. विद्यार्थ्याचा प्रवास मात्र वाईट दिवसावर ठरतो, कारण नऊच्या प्रात्यक्षिकाला सव्वानऊला पोहोचणारीला काल आपण दहा मिनिटे आधी आलो होतो याचा काहीही उपयोग नसतो. वाहतूक नियोजनात भरवशाचे मोजमाप करताना सरासरी वेळेच्या जोडीला, वीसपैकी एकोणीस फेऱ्या किती वेळात पुऱ्या होतात हेही पाहिले जाते. वीस दिवसांत एकदा उशीर म्हणजे साधारणपणे महिन्यातून एकदा, आणि एवढा उशीर कोणताही शिक्षक सहसा खपवून घेतो. तुम्हीही हीच फूटपट्टी लावा.

ती आधी बसला लावून पाहू, कारण कागदावर सव्वा तास म्हणजे वाईट नाही. पहिली बस दहांपैकी नऊ वेळा वेळेवर पोहोचते असे धरा आणि दुसरीचेही तसेच माना. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जमून येण्याची शक्यता शंभरात ८१ उरते. महिन्याचे २२ दिवस जाणे झाले, तर चार दिवस कुठेतरी गाडे अडणार. शिवाय अडण्याची किंमत दोन्ही ठिकाणी सारखी नसते. पहिल्या बसला पाच मिनिटे उशीर झाला आणि तेवढ्यात समोरून दुसरी बस निघून गेली, तर तुमचे नुकसान पाच मिनिटांचे राहत नाही, पूर्ण अर्ध्या तासाचे होते. ज्या मार्गावर दर पाच मिनिटांनी बस आहे तिथे बदलाबदलीने फारसे बिघडत नाही. तुमच्या मार्गावर बिघडते. त्यात थांब्यावर उभे राहून काढलेली मिनिटे बसलेल्या मिनिटांपेक्षा जड वाटतात. हा केवळ मनाचा खेळ आहे असे समजू नका, कारण प्रवासाचा हिशेब मांडणारे अभियंतेही थांबण्याचा वेळ चालत्या गाडीतील वेळेच्या सुमारे दुप्पट धरतात. तेव्हा तुमच्या बसचा खरा आकडा ७५ मिनिटांचा नाही. तो ९५ ते १०५ मिनिटांच्या आसपास असावा असा माझा अंदाज आहे, आणि तुम्हाला घरून निघावे लागेल ते या आकड्याप्रमाणे.

आता रेल्वे पाहू. तुम्ही ३५ मिनिटे लिहिलीत आणि दोन्ही टोकांची अंतरे लिहिलीत, पण त्या अंतरांची मिनिटे केली नाहीत. घरापासून स्टेशन ३ किलोमीटर, म्हणजे सायकलने संथपणे, ताशी १५ किलोमीटरने गेलात तरी १२ मिनिटे. सायकल लावणे, फलाटावर जाणे आणि गाडीची वाट पाहणे यांसाठी १० मिनिटे धरा. नंतर ३५ मिनिटे गाडीत. तिकडचे अडीच किलोमीटर चालत गेलात तर अर्धा तास, म्हणजे एकूण ८७ मिनिटे. तिकडेही सायकल असेल तर १० मिनिटे, म्हणजे एकूण ६७. दुचाकीने २६ किलोमीटरांना ५० मिनिटे लागतील असे धरू, आणि गाडी लावणे, हेल्मेट ठेवणे, वाहनतळापासून विभागापर्यंत चालणे यांची आणखी दहा. त्या हिशेबाने दुचाकीचे ६० मिनिटांना रेल्वे आणि सायकलीचे ६७ येतात. सात मिनिटांसाठी कर्ज काढायचे का, एवढाच प्रश्न बाबांसमोर ठेवा. दुचाकीवरच्या साठ मिनिटांत तुम्हाला रस्त्याखेरीज दुसरे काहीही करता येणार नाही. रेल्वेच्या सदुसष्टांपैकी निम्म्याहून अधिक मिनिटे तुम्ही गाडीत असाल आणि तेवढा वेळ हात मोकळे असतील. जागा मिळाली तर मांडीवर वही उघडता येईल, नाही मिळाली तर निदान कानाला काही लावून उभे राहता येईल.

रेल्वेलाही उशीर होतो, हे मला ठाऊक आहे. परंतु तुमच्या प्रवासात गाडी बदलायची नाही, म्हणून झालेला उशीर तेवढ्यावरच थांबतो; पाच मिनिटांचा उशीर पाचच मिनिटांचा राहतो, आणि तेवढा सोसण्यासाठी एक गाडी आधीची धरली की पुरते.

प्रवासात अभ्यास होतो का, या विषयावर विद्यार्थ्यांमध्ये फार आशावाद असतो. रोज गाडीत तासभर वाचन आणि सत्राअखेर सगळा अभ्यासक्रम पुरा, असे वेळापत्रक भिंतीवर टांगायला उत्तम असते. सकाळच्या गाडीत आदल्या दिवसाची टिपणे चाळणे, अभिक्रियांचे तक्ते पाठ करणे किंवा प्रात्यक्षिकाची कृती एकदा नजरेखालून घालणे एवढे होऊ शकते. नवा, अवघड मजकूर डुलत्या डब्यात डोक्यात शिरत नाही. ज्यांना वळणावळणाच्या रस्त्यावर वाचताना मळमळते त्यांना बसमध्ये वाचणे मुळीच जमत नाही. डोळ्यांना पान स्थिर दिसत असते आणि कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय हालचाल सांगत असते, या विसंगतीतून तो त्रास होतो. रुळांवर धक्के आणि वळणे कमी असल्याने बहुतेकांना तो कमी जाणवतो. परतीच्या गाडीत मात्र काहीही करू नका. घरी गेल्यावर तुम्हाला भावाचा अभ्यास घ्यायचा आहे. त्याच्यासाठी थोडी शिल्लक राहू द्या.

या सगळ्या योजनेचा कच्चा दुवा तिकडचे अडीच किलोमीटर हा आहे. रोज जाऊन-येऊन तासभर चालणे प्रकृतीला चांगले असले, तरी सहाला प्रयोगशाळेतून बाहेर पडल्यावर ते जड जाईल. त्यावर दोन उपाय आहेत. एक घडीची सायकल. तिची चाके १६ ते २० इंचांची असतात आणि वजन साधारण १० ते १३ किलो भरते. ती गाडीत नेता येते की नाही, गर्दीच्या वेळी नेता येते की नाही, हे आधी स्टेशनवर विचारून घ्या, कारण याचे नियम जागोजागी वेगळे असतात. खचाखच भरलेल्या डब्यात बारा किलोंचे लोखंड सांभाळत उभे राहणे किती सुखाचे असेल, याचाही विचार करा. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे : एक जुनी, बिनगिअरची, दिसायला अगदी सामान्य सायकल तिकडच्या स्टेशनवर कायमची ठेवणे. सायकल जितकी देखणी, तितकी ती चोरीला जाण्याची भीती अधिक. कुलूप मात्र सायकलपेक्षा चांगले घ्या. पातळ तारेचे कुलूप साध्या पकडीने कापले जाते. कडक पोलादाचे यू आकाराचे कुलूप मागच्या चाकातून आणि सांगाड्याच्या नळीतून ओवून जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला अडकवा. नुसते पुढचे चाक बांधलेत, तर संध्याकाळी खांबाला चाक तेवढे शिल्लक सापडण्याची शक्यता असते. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, दोन्ही चाकांवर चिखलरोधक आणि आठवड्याला साखळीला दोन थेंब तेल, एवढे पुरे. विभागातील कपाटात कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि चपला ठेवा. ओल्या बुटांनी चार तासांचे प्रात्यक्षिक करणे म्हणजे शिक्षाच.

दुचाकीबद्दल आईचा विरोध आणि बाबांचा उत्साह या दोहोंमागे काळजीच आहे, म्हणून त्यांच्यापुढे आकडे ठेवणे बरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्त्यांवरील अपघात हे आहे. २०२१ मध्ये सुमारे ११ लाख ९० हजार माणसे अशा अपघातांत दगावली आणि त्यांत निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार व दुचाकीस्वार होते. सायकलही या यादीत आहे, हे मी लपवत नाही. पण घराजवळच्या रस्त्यावरचे तीन किलोमीटर आणि भरधाव वाहनांच्या मोठ्या रस्त्यावरचे सव्वीस यांत मोठा फरक आहे. तुमच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. प्रात्यक्षिकांच्या दोन दिवशी तुम्ही सहानंतर, वर्षाचा बराच काळ अंधारात, दिवसभर उभे राहून थकलेल्या अवस्थेत परत निघणार. सलग सुमारे १७ तास जागे राहिलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे प्रयोगांत दिसून आले आहे, आणि कित्येक देशांत वाहनचालकाला तेवढ्या मद्याची मुभा नाही. पहाटे पाचला उठून अभ्यास करणारी विद्यार्थिनी रात्री दहाला त्याच अवस्थेत असते. परीक्षेच्या दिवसांत, किंवा एखादी अभिक्रिया लांबल्यामुळे रात्र झाली असता, वाहन आपल्यालाच चालवायचे असणे ही सोय नसते. गाडीत डुलकी लागली तर फार तर स्टेशन चुकते.

पैशांच्या बाजूनेही दुचाकीचा हिशेब घरोघरी चुकीचा मांडला जातो. महिन्याचे इंधन एका बाजूला, रेल्वेचा पास दुसऱ्या बाजूला, आणि ‘फरक तो कितीसा’ असे म्हणून विषय संपवला जातो. कर्जाचा हप्ता, त्यातील व्याज, दरवर्षीचा विमा, ठरावीक काळाने करावे लागणारे सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक, वाहनतळाचे शुल्क आणि नवी गाडी दारात उभी राहिल्यापासूनच सुरू होणारी तिच्या किमतीतली घट, हे सगळे इंधनाच्या जोडीला मांडा. रोज ५२ किलोमीटर, महिन्याला २२ दिवस धरले तर अकराशे किलोमीटरांवर धाव होते; इतक्या वापरात झीज भराभर होते आणि सर्व्हिसिंगची पाळी लवकर लवकर येते. हप्ता तर सुटीच्या महिन्यांतही भरावा लागतो. पास त्या महिन्यांत काढावा लागत नाही. बाबा देऊ इच्छितात ती सुरुवातीची रक्कम त्यांनी तूर्त वेगळी ठेवावी, असे त्यांना सांगा. सहा महिन्यांनी दुचाकीच हवी असे दिसले तर ती आहेच. नाही दिसले तर पुढे खोलीची अनामत त्यातून भरता येईल. आणि कधीही, कोणाच्याही दुचाकीवर, मागे बसूनसुद्धा, हेल्मेटशिवाय बसू नका. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे. हनुवटीखालचा पट्टा न लावलेल्या हेल्मेटकडून मात्र एवढी अपेक्षा ठेवू नका.

पासाबाबत एक बारकावा आहे. बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासापेक्षा दरमहा स्वस्त पडतो, म्हणून आपण तोच काढतो. परंतु विद्यापीठाचे महिने सारखे भरत नाहीत. समजा, मासिक पासाची किंमत १५ दिवसांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांइतकी आहे आणि त्रैमासिक पासाची ३६ दिवसांच्या तिकिटांइतकी. पहिल्या महिन्यात तुम्ही २२ दिवस गेलात, दुसऱ्यात २०, आणि तिसऱ्यात परीक्षेपूर्वीची रजा आल्यामुळे केवळ ६ दिवस. तर दोन मासिक पास आणि शेवटच्या महिन्याची सुटी तिकिटे मिळूनही खर्च ३६ दिवसांचाच होतो. म्हणजे त्रैमासिक पासाने काहीच वाचले नाही, पैसे मात्र आधी अडकले. आणि तिसऱ्या महिन्यात सहाऐवजी तीनच दिवस जावे लागले, तर तो महागच पडला. तेव्हा विद्यापीठाचे शैक्षणिक वेळापत्रक समोर ठेवून जायचे दिवस मोजा आणि मगच पासाची मुदत ठरवा.

विद्यार्थ्यांना कोणती सवलत मिळते हे विद्यार्थी कल्याण विभागात आणि स्टेशनवर, दोन्ही ठिकाणी विचारा, कारण एका खिडकीवरच्या माणसाला दुसऱ्या खिडकीची योजना माहीत असतेच असे नाही. सवलतींचे प्रकार जगभर निरनिराळे आहेत. जर्मनीत १९९०च्या दशकापासून अनेक विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच सार्वजनिक वाहतुकीचे तिकीट धरलेले असते; सगळे विद्यार्थी थोडेथोडे भरतात, म्हणून ते प्रत्येकाला स्वस्त पडते. नेदरलँड्समध्ये १९९१ पासून विद्यार्थ्यांसाठी प्रवासाचे कार्ड आहे आणि तिथे विद्यार्थ्याला निवड करावी लागते : मोफत प्रवास आठवड्याच्या कामाच्या दिवशी हवा की शनिवार-रविवारी. घरून ये-जा करणारा पहिला पर्याय घेतो, विद्यापीठाजवळ राहून आठवड्याला घरी जाणारा दुसरा. त्यांना या निवडीमुळे आपण रोजचे प्रवासी आहोत की आठवड्याचे, हे आधीच ठरवावे लागते, आणि तुमचा पेचही मुळात तोच आहे. त्याच योजनेत शिक्षण संपल्यावर कार्ड वेळेत बंद केले नाही तर दंड बसतो. लक्झेंबर्गने तर २०२० पासून देशभरातील सार्वजनिक वाहतूक सर्वांनाच मोफत केली. रेल्वेचा प्रथम वर्ग तेवढा वगळला. तुमच्याकडे यांपैकी काही असेल किंवा नसेल, पण अटी सगळीकडे असतात. सवलत ठरावीक मार्गापुरती आहे का, वयाची मर्यादा आहे का, पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच आहे का, ओळखपत्राचे दरवर्षी नूतनीकरण लागते का, हे अर्जाच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचून नीट समजून घ्या.

कारबद्दल थोडक्यात. तिघांचे बोलावणे मोडू नका, पण त्यावर विसंबूही नका. त्यांची प्रात्यक्षिकांची तुकडी वेगळी असेल, तर कार रोज चारला निघणार आणि तुमची प्रात्यक्षिके दोन दिवस सहाला संपणार. म्हणजे ती तुम्हाला फक्त तीन दिवसांच्या उपयोगाची, आणि उरलेल्या दोन दिवसांसाठी तिकिटाचा खर्च वेगळाच. चौघांचे वेळापत्रक एका माणसाच्या ताप-खोकल्याला बांधलेले असते, ही तिची दुसरी अडचण. तरीही कधीमधी जाल, तेव्हा इंधन व वाहनतळाचा खर्च कसा वाटायचा, सकाळी कोणासाठी किती मिनिटे थांबायचे आणि कार येणार नसेल तर आदल्या रात्री किती वाजेपर्यंत कळवायचे, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने ठरवून घ्या. मैत्रीत हे बोलायला संकोच वाटतो आणि दोन महिन्यांनी त्याच संकोचाचे रूपांतर अबोल्यात होते. कारच्या मालकाने खर्च वाटून घेणे वेगळे आणि भाडे घेणे वेगळे. खासगी विम्याचे संरक्षण भाड्याच्या प्रवाशांना बहुधा मिळत नाही, म्हणून त्याने विमा कंपनीकडून एवढे विचारून घेतलेले बरे. चालवणारा रात्रभर जागला असेल तर त्या दिवशी सरळ रेल्वेने जा, कोणी काही म्हणो.

खोलीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तो केवळ प्रवासाचा नाही. आठवड्याचा हिशेब असा दिसतो : रेल्वे आणि सायकलने पाच दिवस जाऊन-येऊन अकरा तासांहून थोडे अधिक, बसने साधारण सोळा, आणि विद्यापीठापासून पंधरा मिनिटांवर खोली असेल तर अडीच. म्हणजे खोली घेतल्याने आठवड्याला साडेआठ तास वाचतात. दिसायला हे पुष्कळ आहे. पण स्वतःचा स्वयंपाक, कपडे, सामान आणि सुटीच्या दिवशीची घरची फेरी त्यातून वजा करा. आज तुम्हाला भावाचा अभ्यास घ्यावासा वाटतो, हे कारण आईवडिलांना किरकोळ वाटले तरी मला तसे वाटत नाही. घरी राहण्याची ओढ असलेली मुलगी खोलीत राहून वाचलेले तास अभ्यासालाच लावील याची खात्री कोणीही देऊ शकणार नाही.

तरीही एका गोष्टीवर लक्ष ठेवा. २०१५ मध्ये टोरोंटोतील चार विद्यापीठांनी मिळून आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रवासाची मोठी पाहणी केली. दूरच्या प्रवासामुळे विद्यापीठातला वावर कमी होतो, असे तिच्या आधारे झालेल्या अभ्यासांत दिसले. दूरवरचे विद्यार्थी तासांना येतात, पण तासांनंतरचे व्याख्यान, ग्रंथालयातली संध्याकाळ, शिक्षकांशी दारात उभे राहून होणारे बोलणे यांना मुकतात. पदव्युत्तर शिक्षणात हेच बोलणे पुढे प्रकल्पाचा विषय मिळवून देते. म्हणून तुमच्या गाड्यांची वेळ पाहताना चारनंतर लगेच सुटणारी गाडी तेवढी पाहू नका. ज्या तीन दिवशी चारला सुटता, त्यांतला एक दिवस ठरवून साडेपाचपर्यंत थांबा. तेवढे थांबणेही अशक्य होऊ लागले, किंवा दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेचे दोन दिवस चार झाले, तर मात्र खोली शोधण्याची वेळ आली असे समजा. परीक्षेपुरती महिनाभरासाठी एखाद्या मैत्रिणीच्या खोलीत भागीदारी करणे हा मधला मार्गही आहे, आणि घर न सोडता तो अनुभवून पाहता येतो.

संध्याकाळच्या परतीसाठी एक नियम पाळा. वेळापत्रकातली शेवटची गाडी शोधा आणि तिच्या आधीची गाडी हीच आपली शेवटची गाडी, असे मनाशी पक्के करा. शेवटची चुकली तर दुसरा उपाय उरत नाही; तिच्या आधीची चुकली तर एक गाडी हाताशी राहते. रात्री स्टेशनपासून घरापर्यंतच्या तीन किलोमीटरांत कोणता भाग सुनसान आहे तो दिवसाउजेडी पाहून ठेवा, लांबचा असला तरी वर्दळीचा रस्ता धरा, आणि गाडीत बसल्यावर घरी एक संदेश पाठवण्याची सवय लावा. गाडी रद्द झाल्याचे कळण्यासाठी फोन लागतो, तेव्हा संध्याकाळी त्याची बॅटरी संपलेली असू नये.

सल्ला मान्य असेल तर लगेच पास काढू नका आणि सायकलही विकत घेऊ नका. आधी दहा दिवस सुट्या तिकिटांवर जा, कोणाची तरी सायकल मागून घ्या आणि वहीत तीन वेळा टिपत जा : घराचे दार ओढल्याची, गाडीत पाय ठेवल्याची आणि विभागाच्या दारात पोहोचल्याची. दोन दिवस बसनेही जाऊन पाहा, म्हणजे माझा अंदाज बरोबर आहे की नाही तेही कळेल. दहांपैकी सर्वांत वाईट दोन दिवसांचे आकडे बाजूला काढा आणि त्या दोन दिवशी तुम्ही वेळेवर पोहोचलात का ते बघा. पोहोचला असाल, तर मासिक पास काढा. नसाल, तर एक गाडी आधीची धरून आणखी पाच दिवस पाहा. सवलतीचा अर्ज मात्र या दहा दिवसांतच भरून टाका, कारण ओळखपत्र, प्रवेशाची पावती आणि विभागप्रमुखांची सही गोळा करण्यात आठवडा सहज जातो, आणि सत्राच्या सुरुवातीला त्या खिडकीसमोर रांग मोठी असते.